हवेचा दिवा आणि चाकांचे दप्तर

१. डिसेंबरात लागणारा दिवा

थंडी पडू लागली, म्हणजे पुण्यातील नव्या मोटारींचे मालक एक प्रश्न हमखास विचारतात. रात्रभर सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी असलेली गाडी पहाटे सुरू करावी, तो समोरच्या फलकावर टायरचा आडवा छेद आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह असे एक पिवळे चिन्ह उजळते. गाडी कात्रजहून निघून वाकडच्या पुलापर्यंत जाते न जाते, तोच ते आपोआप मालवते. आणि संध्याकाळी पेट्रोलपंपावर हवा तपासली, तर ती काही फारशी कमी भरत नाही. मग सकाळी हवा खरोखर कमी होती, की हा दिवाच बिघडलेला आहे?

याच घरांतून दुसराही एक प्रश्न येतो. मुलगा किंवा सून नोकरीनिमित्त श्टुटगार्टला अथवा म्यूनिकला असते, आणि ऑक्टोबर उजाडला की फोनवर सांगते, की या शनिवारी गाडीची चाके बदलून घ्यायची आहेत. टायर झिजले नसताना चारही चाके का बदलायची, बदलली तर जुन्या चाकांतल्या सेन्सरचे काय होते, आणि आपल्याकडे असे का करावे लागत नाही, ही पृच्छा आईवडिलांनी करणे अगदी स्वाभाविक आहे. वरवर पाहता या दोन प्रश्नांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. पण ऋतू पालटला की चाकाचे काय होते आणि ते गाडीला कसे कळते, एवढे नीट समजून घेतले, तर दोहोंचा उलगडा एकाच वाटेने होतो. ती वाट आपण पायरीपायरीने चालू.

२. भार कोण पेलतो?

गाडीचे ओझे टायरचे रबर पेलते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते बहुतांशी आतली दाबलेली हवा पेलते. रबर आणि त्यातील तारा व धागे यांचे काम त्या हवेला कोंडून धरण्याचे आणि रस्त्याची पकड घेण्याचे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले आणि बेलफास्टच्या डनलॉप याने १८८८ साली ती कल्पना व्यवहारात रुजवली. तेव्हापासून आजतागायत या मूळ तत्त्वात फरक पडलेला नाही.

एक लहानसा हिशेब करून पाहू. माणसांसह गाडीचे वजन १,४०० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर सुमारे ३५० किलो भार येतो. पंपावरचा मुलगा ज्याला ‘तेहतीस पौंड’ म्हणतो, म्हणजे दर चौरस इंचास ३३ पौंड, तो दाब आपल्या मापात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो भरतो. ३५० ला २.३ ने भागले, की उत्तर साधारण १५० चौरस सेंटिमीटर येते. एवढ्याच जागेवर ते चाक रस्त्याला टेकलेले असते. आता हवा २५ पौंडांवर उतरली असे समजा. भार तर तोच आहे; म्हणून तो पेलण्यासाठी टेकणारी जागा वाढून २०० चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते, म्हणजेच टायर खाली बसतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती अधिक वाकतात.

खरा धोका या वाकण्यात आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मध्यम आकाराच्या मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे चौदा वेळा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा प्रत्येक भाग एकदा वाकून पुन्हा सरळ होतो. या वाकण्यात खर्ची पडलेली सगळी शक्ती परत मिळत नाही; काही अंश उष्णतेच्या रूपाने रबरातच राहतो. हवा जितकी कमी, तितके वाकणे जास्त, आणि तितकी उष्णता जास्त. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाला, की सिमेंट-काँक्रीटच्या रस्त्याला दोष देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. काँक्रीटचा रस्ता उन्हात तापतो हे खरे. परंतु हवा कमी, ओझे जास्त आणि वेग अखंड, ही तीन कारणे एकत्र आल्यावाचून धडधाकट टायर सहसा फुटत नाही, आणि या तिन्हींचा बंदोबस्त गाडी चालवणाऱ्याच्याच हाती असतो. हवा जास्त भरल्याने टायर फुटेल या भीतीने उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवणारे लोक तर नेमका धोकाच ओढवून घेतात.

३. उष्णमानाचा हिशेब

बंद जागेतील हवा थंड झाली की तिचा दाब घटतो, हे शाळेत आपण सारेच शिकतो. मात्र हा हिशेब करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली ही, की पंपावरचे मापक केवळ बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जादा दाब आहे, तेवढेच दाखवते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे येथील वातावरणाचा स्वतःचा दाब पावणेचौदा पौंडांच्या आसपास असतो, आणि तो मिळवल्यावाचून एकूण दाब कळत नाही. दुसरी ही, की उष्णमान नेहमीच्या अंशांत न घेता त्यात २७३ मिळवून घ्यावे लागते.

समजा, ऑक्टोबर महिन्यात दुपारी गावात हिंडून तापलेल्या चाकांत आपण ३३ पौंड हवा भरून घेतली आणि त्या वेळी आतली हवा ४५ अंशांवर होती. एकूण दाब झाला ३३ अधिक पावणेचौदा, म्हणजे पावणेसत्तेचाळीस. डिसेंबरच्या पहाटे तीच हवा १० अंशांवर आली. पावणेसत्तेचाळीसला २८३ ने गुणून ३१८ ने भागले, तर साडेएकेचाळीसच्या किंचित वर उत्तर येते. त्यातून बाहेरचे पावणेचौदा वजा केले, की मापकावर उरतात जेमतेम २८ पौंड. कोठे पंक्चर नाही, व्हॉल्व्ह गळत नाही, आणि तरी पाच पौंड हवा ‘गेली’! शिवाय रबरातून हवा अगदी मंदगतीने पाझरतच असते आणि त्यापायी महिन्याला पौंडभर दाब सहज घटतो. दोन महिने कोणी पाहिले नाही, तर मापकावर २६ च उरतात. दिवा लागतो तो येथे. पुढे गाडी पंचवीस किलोमीटर धावली, टायर तापले, दर दहा अंशांमागे दीड पौंड या हिशेबाने दाब पुन्हा चढला, आणि दिवा मालवला. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की दिवा बिघडलेला नसतो. सकाळी हवा खरोखरच कमी असते, आणि संध्याकाळी तापलेल्या चाकाची तपासणी करून जी खातरजमा आपण करून घेतो, ती फसवी असते.

पुण्याच्या हवेला हा हिशेब विशेष लागू पडतो. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य ठाणे शिमल्याहून येथे आले, म्हणून शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, तेथील खात्याच्या नोंदींत पुण्याचे आजवरचे सर्वोच्च उष्णमान ४३.३ अंश (३० एप्रिल १८९७) आणि नीचतम १.७ अंश (१७ जानेवारी १९३५) असे नमूद आहे. अशा टोकाच्या तारखा वगळल्या, तरी एप्रिलची दुपार आणि जानेवारीची पहाट यांत तीस अंशांचे अंतर येथे दर वर्षी पडते. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे : महाबळेश्वराला चढलो, तर बाहेरचा वायुभार घटल्यामुळे मापकावरचा आकडा सव्वा पौंडाने वाढतो, पण तेथील गारव्याने तो जवळपास तितकाच उतरतो, आणि चालकाच्या ध्यानी काहीच येत नाही.

म्हणून हवा नेहमी थंड चाकात, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर किंवा घरापासून अगदी जवळच्या पंपावर, तपासावी आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पत्रकात जो आकडा असेल तोच भरावा. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरण्याचा नव्हे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. साध्या हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजन असतोच, आणि उष्णमानाचा वर सांगितलेला नियम त्यालाही तसाच लागू आहे.

४. वर्दी कोण देतो?

दिवा लावणाऱ्या यंत्रणा दोन जातींच्या असतात, आणि आपल्या गाडीत कोणती आहे हे मालकाला ठाऊक असलेच पाहिजे.

पहिली जात अप्रत्यक्ष. तिच्यात हवा मोजणारे असे काहीच नसते. ब्रेक लावताना चाके अडकू नयेत म्हणून एबीएसची जी योजना असते, तिच्यात प्रत्येक चाकाचे फेरे मोजले जातातच. त्याच मोजणीचा येथे उपयोग केला जातो. हवा उतरलेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि तेच अंतर कापायला त्याला अधिक फेरे घ्यावे लागतात. किलोमीटरला सुमारे ५२० फेरे घेणाऱ्या चाकाची त्रिज्या अर्ध्या टक्क्याने घटली, तर दोन-तीन फेरे जादा पडतात, आणि गाडीतील संगणक तेवढ्यावरून इशारा देतो. युक्ती स्वस्त आणि टिकाऊ आहे. पण चारही चाकांतील हवा सारखीच उतरली, तर निव्वळ तुलनेवर चालणाऱ्या जुन्या यंत्रणांना काहीच कळत नाही, आणि थंडीत घडते ते नेमके असेच असते.

दुसरी जात प्रत्यक्ष. तिच्यात प्रत्येक चाकाच्या आत, रिमवर, व्हॉल्व्हच्या मुळाशी अंगठ्याएवढी काळी प्लास्टिकची डबी बसवलेली असते. टायर उतरवल्यावर दुकानदाराला ती दाखवायला सांगावी. पाहण्यासारखी वस्तू आहे. वजन तीस-चाळीस ग्रॅम, एका बाजूस हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र, आणि अंगावर छापलेला एक लांबलचक क्रमांक. आत दाब व उष्णमान मोजणारी चकती, बिनतारी संदेश पाठवणारे मंडल आणि डिंकासारख्या लेपात कायमची बंद केलेली बॅटरी असते. चाक स्थिर असताना सेन्सर निजतो आणि फिरू लागताच जागा होतो, म्हणूनच ती बॅटरी पाच ते दहा वर्षे पुरते. संपली की ती बदलता येत नाही, सबंध सेन्सरच नवा घ्यावा लागतो.

मोटारीत हे तंत्र १९८६ च्या सुमारास पोर्शे ९५९ या महागड्या गाडीत प्रथम आले. त्याचा प्रसार मात्र कायद्याच्या बळावर झाला. अमेरिकेत फायरस्टोनचे टायर लावलेल्या फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या उलटून अनेक माणसे दगावली, तेव्हा तेथील काँग्रेसने २००० साली कायदा केला, आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत. हवा पत्रकातील आकड्याच्या पंचवीस टक्के खाली गेली की अमेरिकेत इशारा मिळालाच पाहिजे, युरोपात वीस टक्क्यांवर. तेहतीस पौंडांच्या टायरला हे आकडे अनुक्रमे पावणेपंचवीस आणि साडेसव्वीसच्या किंचित खाली पडतात. म्हणजे दिवा हा उशिरा येणारा इशारा आहे. तो लागेपर्यंत टायर बरेच दिवस कमी हवेवर धावलेला असतो, आणि दिवा नाही म्हणजे हवा ठीक, हा निष्कर्ष काढणे अयोग्य होय.

भारतात ही यंत्रणा अद्याप प्रत्येक गाडीला सक्तीची नाही. परंतु जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत दुरुस्ती होऊन अशी मुभा देण्यात आली, की ज्या मोटारीत ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची ही यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असेल, तिच्यात स्टेपनी नसली तरी चालेल. अशा यंत्रणेने कोणत्या कसोट्यांस उतरावे हे देशी मानकांत ठरलेले असते, आणि त्या मानकांचे दप्तर सांभाळणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर, काम करीत आहे.

५. दोन जोड चाके

आता परदेशातल्या मुलांचा प्रश्न. रबर थंडीत कडक होते. उन्हाळी टायरचे रबर सात अंशांच्या खाली ताठर होऊ लागते आणि पकड गमावते. हिवाळी टायरचे मिश्रण निराळे असते, त्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा पाडलेल्या असतात आणि त्या चिरा बर्फाला धरतात. जर्मनीत कायद्याने तारीख नेमून दिलेली नाही. रस्त्यावर बर्फ वा हिमाचा चिखल असेल, तेव्हा हिवाळी टायर हवेत, असा दंडक आहे, आणि लोकव्यवहारात ऑक्टोबर ते ईस्टर हा काळ त्यासाठी रूढ आहे. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या मुदतीत हिवाळी हवा असेल तेव्हा, आणि कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च बिनशर्त, असे नियम आहेत.

दर सहा महिन्यांनी एकाच रिमवरून टायर काढणे-घालणे त्रासाचे व टायरच्या कडांना घातक असते. म्हणून तेथील कुटुंबे रिमसकट दुसरा जोडच बाळगतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना चार चाके ठेवायला जागा नसते, तेव्हा टायरची दुकाने वर्षासन घेऊन ती आपल्या वखारीत ठेवतात. प्रत्येक चाकावर पुढचे-मागचे, डावे-उजवे अशी खडूने खूण करतात, रिमसकट चाके एकावर एक आडवी रचतात, आणि पुन्हा बसवल्यावर पन्नासेक किलोमीटर चालवून नट एकदा पान्याने तपासतात.

पुण्यात यातले काही करावे लागत नाही. येथील उन्हात हिवाळी टायर भराभर झिजेल, आणि सात अंशांची पहाट वर्षातून फार थोडी येते. ऋतूबरोबर पुण्यात चाके बदलावी लागत नाहीत, हवा मात्र बदलावी लागते. आणि आपल्याला जपावे लागते ते पावसाळ्याला. नक्षी १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर कायद्याने चालतो, पण जुलैमध्ये भरलेल्या रस्त्यावर पाणी कापायला तेवढी पुरत नाही. तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर जूनपूर्वी बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गोटा झालेल्या टायरवर पावसाळा काढणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

६. फेरफाराची नोंद

मुख्य मुद्दा आता येतो. सेन्सर चाकाचा असतो, गाडीचा नसतो. प्रत्येक सेन्सर आपल्या क्रमांकासह दाब कळवतो. कोणता क्रमांक कोणत्या कोपऱ्यावर बसला आहे, हे गाडीच्या संगणकात लिहून ठेवलेले असते. शेत खरेदी करून ताबा घेतला, पण तलाठ्याच्या दप्तरी फेरफाराची नोंद झाली नाही, तर सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव दिसत राहते. चाकांचेही तसेच आहे. चाक प्रत्यक्षात हलले, तरी संगणकातली नोंद हलत नाही.

याची प्रचिती पुण्यातही येते, कारण दर आठ-दहा हजार किलोमीटरला आपण पुढची चाके मागे व मागची पुढे करून घेतो. समजा, पुढचे डावे चाक मागे डावीकडे गेले आणि नोंद तशीच राहिली. आता मागच्या डाव्या चाकात खिळा घुसला, तर पडद्यावर पुढचे डावे चाक लाल दिसेल. चालक पुढच्या चाकात हवा भरेल, आणि बिचारे मागचे चाक रिमवर बसेल. नाना पेठेतून हौसेने नवी अलॉय चाके आणून बसवली आणि सेन्सर जुन्याच रिमवर राहिले, किंवा पंक्चर झाल्यावर सेन्सर नसलेली स्टेपनी लावली, तर गाडीला संदेशच मिळत नाही. तेव्हा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो. हे लुकलुकणे ‘हवा कमी’ असे सांगत नसून ‘वर्दी मिळत नाही’ असे सांगत असते, हा भेद चालकाने लक्षात ठेवावा.

नोंद बदलण्याच्या तऱ्हा तीन. काही गाड्या दहा-वीस मिनिटे चालवल्यावर नवे क्रमांक आपण होऊन ओळखतात. काहींत पडद्यावरील यादीतून शिकण्याची आज्ञा द्यावी लागते आणि मग हातातल्या छोट्या यंत्राने ठरलेल्या क्रमाने एकेक चाक जागे करावे लागते. काहींत सुकाणूखालच्या जोडणीला यंत्र लावून क्रमांक थेट लिहितात. आपली गाडी कोणत्या वर्गातली, हे तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असते. दोन जोड चाके ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे : कोरे सेन्सर आणून त्यांवर जुन्यांचेच चार क्रमांक चढवले, की दर ऋतूला नोंद बदलण्याची यातायात उरत नाही; फक्त दोन्ही जोड एकाच वेळी गाडीजवळ जागे राहणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी. अप्रत्यक्ष यंत्रणेत क्रमांक नसतात, पण हवा भरल्यावर किंवा चाके फिरवल्यावर बटण दाबून ‘ही स्थिती योग्य’ असे तिला कळवावेच लागते.

७. दुकानात गेल्यावर

टायर रिमवरून सुटा करणाऱ्या यंत्राचा फाळ व्हॉल्व्हजवळ टेकला, तर सेन्सर तत्काळ तुटतो. म्हणून कारागिराला आधीच सांगावे, की या चाकांत सेन्सर आहेत. नवा टायर घालताना व्हॉल्व्हचे रबरी वायसर, नट व आतली सुई बदलून घ्यावी. टोपण हरवले, तर सेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला साधे पितळी टोपण लावू नये. पावसाळ्यात दोन धातू एकमेकांना धरतात आणि व्हॉल्व्ह मोडतो. पंक्चरसाठी बाटलीतला द्रव चाकात ओतला असेल, तर तेही लपवू नये, कारण तो त्या बारीक छिद्रात साचतो.

आणि चाके फिरवून किंवा नवी घालून झाली, की पैसे चुकते करण्यापूर्वी एक परीक्षा तेथेच घ्या : कारागिराला एका चाकातली हवा चार-पाच पौंडांनी कमी करायला सांगा आणि आपण आत बसून पडद्यावर त्याच कोपऱ्याचा आकडा उतरतो का, ते पाहा; पडदा केवळ गाडी चालताना आकडे दाखवीत असेल, तर रस्त्यावर एक फेरी मारून या. दुसराच कोपरा उतरला, तर नोंद करून घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.